शाकाहारात शाक किती?

गेल्या महिन्यात सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये वजन आणि आहार या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते तयारीचे होते. दूधदहीसुद्धा सोडा, निव्वळ वनस्पतीजन्य खा, वजन उतरेल आणि पुन्हा चढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये दोन तट पडले. "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी अंड्याला हात लावला नाही, तरी तिघांना शुगर आहे, ते कसं?" असं एकानं विचारलं. त्यावर दुसऱ्यानं मटण खाणाऱ्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं. मग पैलवानांचा दाखला निघाला, त्याला हत्तीचा दाखला भिडला, कुणी संतांना मध्ये आणलं, कुणी जातीवर गेलं. तासाभरानं सगळे आपलं आपलं मत आणखी घट्ट करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत फिरताना तोच वाद तिथून पुढे चालू होता. मला तो ऐकवेना. या प्रश्नाचं चुकीचं उत्तर माणसाला किती महागात पडतं हे मी घरात बघितलंय.

माझं मत आधीच सांगते. वनस्पतीजन्य खाण्यानं वजन वर्षानुवर्षं आटोक्यात राहतं हे खरं आहे आणि त्याला चांगला पुरावा आहे. पण मटण सोडल्यानं ते राहत नाही. ताट भाजीनं, कडधान्यानं, कोंड्यासकट अख्ख्या धान्यानं भरल्यानं राहतं. सोडणं आणि भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं की दुसरं आपोआप झालं असं एक बाजू धरून चालते, आणि पहिल्याचा उपयोग दिसला नाही म्हणून दुसरी बाजू दुसऱ्यालाही मोडीत काढते.

माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, माळकरी होते. विशीत गळ्यात तुळशीची माळ पडली ती शेवटपर्यंत राहिली. अंडं घातलेला केकसुद्धा त्यांनी कधी खाल्ला नाही. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९२ किलो. पन्नाशीत साखर निघाली. साठीत पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना, शेवटी मिरजेला नेऊन अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग मी करायची. एकदा पाय माझ्या हातात असताना म्हणाले, "आयुष्यभर माळ सांभाळली गं, मग हे माझ्याच वाट्याला का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याआधी पंधरा वर्षं ज्या डॉक्टरांकडे ते जात, तेही म्हणायचे, "तुमचं काय, तुम्ही तर शाकाहारी, फक्त गोड कमी करा." दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा आठ दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. ती दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे. सकाळी चहा आणि खारी. नऊला पोहे, वर शेव. दुपारी तीन चपात्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ आमटी. चार वाजता चहा, बटर. संध्याकाळी भडंग. रात्री परत चपाती, भात, कधी शिकरण. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ दिवसांत पालेभाजी एकदाच, गुरुवारी मेथी. उसळ दोनदा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू.

शाक या शब्दाचा अर्थच भाजी. आण्णांच्या शाकाहारात शाक किती होती, ते वही सांगते. मांस नव्हतं, एवढ्याच अर्थानं तो शाकाहार होता. आपल्याकडे ह्या शब्दाचा अर्थ 'काय खात नाही' असाच उरला आहे. आणि जे खात नाही त्यावरून शरीराला काहीच कळत नाही. शरीराला जे खाल्लं तेच कळतं.

आता पुराव्याकडे येते. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथं अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा मोठा अभ्यास गेली कित्येक वर्षं चालू आहे. २००९ साली त्यातल्या सुमारे साठ हजार लोकांचे आकडे प्रसिद्ध झाले. मांस, मासे, अंडी, दूध सगळं टाळणाऱ्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३.६, मांसाहारींचा २८.८. मधल्या पायऱ्यांवरचे, म्हणजे दूध-अंडी खाणारे, मासे खाणारे, ते मधल्याच आकड्यांवर. ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की असले लोक धार्मिक, निर्व्यसनी, नेमानं राहणारे असतात, बारीक राहण्याचं श्रेय अन्नाला कशाला? आक्षेप रास्त आहे. पण तुलना पंथाबाहेरच्यांशी नव्हती. मांस खाणारेही त्याच पंथाचे, त्यांच्याही घरी तंबाखू आणि दारू वर्ज्य. तरीही एवढा फरक पडला.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, ऑक्सफर्डचा. सुमारे २२ हजार लोकांचं वजन पाचेक वर्षांच्या अंतरानं बघितलं. दरवर्षी सरासरी ४०० ग्रॅम वाढ. ऐकायला काहीच नाही, पण पंचविशीतल्या माणसाला पन्नाशीत दहा किलो जड करायला एवढी पुरते. त्यात मांसाहारी आणि शाकाहारी यांच्या वाढीच्या वेगात फरक निघाला तो थोडासाच. सगळ्यात कमी वाढ त्यांची झाली ज्यांनी त्या पाच वर्षांत प्राण्यांपासूनचं खाणं कमी करत नेलं होतं. विरोधकांच्या हातात हा अभ्यास चांगला बसतो आणि त्यांनी तो जरूर वापरावा. शाकाहारी शिक्का एकदा लागला म्हणजे वजन थांबतं असं नाही, हे त्यातून अगदी स्पष्ट दिसतं. पण मग फरक कशानं पडतो?

त्याचं उत्तर अमेरिकेतल्या परिचारिका आणि डॉक्टर-आरोग्यकर्मींच्या तीन मोठ्या अभ्यासांत आहे, सगळे मिळून लाखावर माणसं. हार्वर्डच्या संशोधकांनी एक साधी पण आधी कुणी न केलेली गोष्ट केली. वनस्पतीजन्य अन्नाचे त्यांनी दोन ढीग केले. एका ढिगात अख्खं धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे. दुसऱ्यात मैदा आणि पांढरा भात, बटाटा, सरबतं आणि फळांचे रस, मिठाया. दोन्ही ढीग सोळा आणे शाकाहारीच. दर चार वर्षांनी वजन बघत गेले. पहिल्या ढिगातलं खाणं ज्यांनी वाढवलं त्यांचं वजन कमी वाढलं. दुसऱ्या ढिगातलं वाढवलं त्यांचं जास्त वाढलं. आण्णांची वही उघडा आणि सांगा, तिच्यातल्या ओळी कोणत्या ढिगात जातात?

आपल्या लोकांना हे कळायला खरं तर अमेरिकेची गरज नव्हती. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण घराघरात आहे. उपवासाचं सगळं ताट वनस्पतीजन्यच असतं. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि तो तुपातेलात परतून वर दाण्याचं कूट. ज्या दिवशी पोटाला विश्रांती द्यायची त्या दिवशी पोटावर सगळ्यात जास्त भार. म्हण तयार करणाऱ्या माणसानं ताटात काय वर्ज्य आहे ते बघितलं नाही, ताटात काय पडलंय ते बघितलं. तेवढीच नजर आपण बाकीच्या दिवशी का वापरत नाही?

दुसरा दाखला वनस्पती तुपाचा. १९३७ साली डालडा बाजारात आला. झाडाच्या बियांचं तेल, कारखान्यात घट्ट केलेलं, जनावराचा संबंध नाही, आणि नावच 'वनस्पती'. तुपापेक्षा स्वस्त, शिवाय शुद्ध शाकाहारी. लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या, बेकऱ्या त्यावर उभ्या राहिल्या. तेल घट्ट करताना त्यात जी ट्रान्स चरबी तयार होते ती हृदयाला किती घातक आहे, हे कळायला आणि मान्य व्हायला पुढची कित्येक दशकं गेली. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तिचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणलं ते थेट जानेवारी २०२२ पासून. आण्णांनी वर्षानुवर्षं चहाबरोबर जी खारी खाल्ली ती या दोन तारखांच्या मधली. 'वनस्पती' या शब्दानं तेव्हा जी फसगत केली तीच आज पुड्यावरचा हिरवा ठिपका करतो आहे. २००१ सालच्या नियमांनी तो ठिपका आला, तो एवढंच सांगायला की आत मांस-मासा-अंडं नाही. तेवढं काम तो चोख करतो. पण वेफर्सवर, क्रीमच्या बिस्किटांवर, थंड पेयांवर हिरवा रंग बघून आपल्या मनात आरोग्य येतं, कारण हिरवं म्हणजे पालेभाजी असं मन समजतं.

आणि आपला हा भाग तर उसाचा. ऊसही वनस्पतीच. कारखान्याची सभासदांची सवलतीची साखर दिवाळीला घरात येते तेव्हा पोतं कोपऱ्यात उभं राहतं आणि ते संपवायचंच असतं. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं हा आमच्याकडे अपमान. आण्णांचे चार कप म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक, फक्त चहातून. साखरेवर ह्या भागाचं पोट चालतं, शाळा-कॉलेजं त्यावर उभी राहिली, ते मला पुसायचं नाही. पण ज्या पिकानं घर चालतं तेच रोज पोटात गेलं पाहिजे असं थोडंच आहे? सांगलीच्या हळदीनंही कित्येक घरं चालवली, म्हणून कुणी ती वाटीनं खात नाही.

आता विरोधी बाजूचे खरे मुद्दे घेते, कारण त्यातले काही मजबूत आहेत.

पहिला मुद्दा हा की पूर्वीची माणसं बारीक होती ती भाकरी-उसळीमुळे नव्हे, उपाशी होती म्हणून. हे मी नाकारणार नाही. माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं, माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. त्या बारीकपणात अभिमान धरण्यासारखं काही नाही. मूठभर हाडं घेऊन दिवसभर घण मारणाऱ्या बाईचा बीएमआय आदर्श म्हणून सांगणं हा तिचा अपमान आहे. पण आजी पुढे पंचवीस वर्षं पोटभर खाऊन जगली, तेव्हाही तिचं वजन फारसं हललं नाही. शेतातली चाल होती, ते कारण मोठं, मान्य. ताटही तेच राहिलं होतं, हेही तितकंच खरं. शाळूची भाकरी, हुलग्याचं माडगं नाहीतर मटकीचं कोरड्यास, शेताच्या बांधावरची पाथरी किंवा घोळ कच्चीच, कांदा, दाण्याची चटणी. मी लहानपणी तिच्याबरोबर जेवायला बसायची. दीड भाकरीत पोट गच्च व्हायचं आणि भाकरी चावता चावता जबडा दुखायचा. भूक गेली ते चांगलं झालं. कष्टाची चाल गेली, ती परत येणार नाही, यावी असंही मला वाटत नाही. या सगळ्या बदलात आपल्या हातात राहण्यासारखी गोष्ट एकच होती, ताटातली वाटणी. तीच आपण सोडून दिली. १९६१ साली देशात माणशी रोज ६९ ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती, २००१ मध्ये ३० ग्रॅम. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी. त्या काळात आपण काही मांसाहारी झालो नाही. डाळीची जागा गहू, साखर आणि तेल यांनी घेतली. नंतर आकडा थोडा सावरला, पण ताटाची सवय मोडली ती मोडलीच. आजही भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहावरच्या 'इंडियाब' पाहणीत दिसलं.

इथं एक खुलासा करते. भाकरीत जादू नाही. ज्वारी आणि गहू यांचे उष्मांक जवळपास सारखे, आणि गव्हाच्या चाळलेल्या नसलेल्या पिठातही तंतू कमी नसतात. भाकरीची खरी जमेची बाजू ही की ती पाण्यानं थापतात. चपातीला पिठात तेल, घडीत तेल, वरून तेल. मी एकदा महिनाभर तेलाचा हिशोब ठेवला. आम्ही चौघं, सहा लिटर संपलं. माणशी रोज ४५ ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या ताटाला २७ ग्रॅम सांगितलंय. वरचे १८ ग्रॅम म्हणजे रोजचे १६० उष्मांक. ते तेल सूर्यफुलाचं, म्हणजे अर्थातच वनस्पतीजन्य. त्या महिन्याआधी मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की आमच्याकडे तेल बेताचं असतं.

दुसरा मुद्दा प्रथिनांचा आणि तो गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका इंग्रज सहकाऱ्यासोबत स्वतःचा फोटो आणि आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे, असा आपल्याकडच्या शरीराचा हा घाट आहे. तो जन्माच्याही आधीपासून, आईच्या पोषणापासून घडत येतो, हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या त्यांच्या कामातून पुढे आलं. असं शरीर असताना नुसता काटा खाली आणायचा आणि स्नायू घालवायचे हे परवडणारं नाही. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळतच नाही. दूध सोडणाऱ्यानं ते गोळीतून घेतलंच पाहिजे, आणि आमच्या हॉलमधल्या वक्त्यांनी हे ठासून सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही, ही चूक लहान नाही. पण या आक्षेपानं नेमकं काय सिद्ध होतं? डाळ कमी पडते, हेच ना? मग डाळ वाढवा. पोषण संस्थेच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत, म्हणजे कोरडी मोजली तर भरगच्च दोन वाट्या उसळ-आमटी होते. भाज्या ४०० ग्रॅम आहेत आणि धान्य २५० ग्रॅम. आपल्या बहुतेक शाकाहारी घरांत हे प्रमाण उलटं आहे. प्रथिनांचा आक्षेप हा चपाती-बटाट्यावरचा आक्षेप आहे, मटकीवरचा नव्हे.

तिसरा मुद्दा जिममधल्या मुलांचा. पिष्टमय पदार्थ बंद, मांस-अंडी-पनीर वर, आणि दोन महिन्यांत आठ किलो कमी झालेला मित्र समोर उभा. होतं कमी, डोळ्यांनी दिसतं त्याला नाही कशाला म्हणू? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कमी चरबीचं वनस्पतीजन्य आणि दोन आठवडे कमी पिष्टाचं मांसाहारी जेवण दिलं. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मोकळीक. वनस्पतीजन्य जेवणावर माणसांनी रोज सरासरी ६८९ उष्मांक कमी खाल्ले, कुणी न सांगता, आणि भूक जास्त लागल्याचं सांगितलं नाही. २०२१ मध्ये ते छापून आलं. माझ्या बाजूचा इतका चांगला पुरावा असूनही त्यातली उलट बाजू लपवणं मला पटत नाही. त्याच जेवणावर जेवणानंतरची रक्तातली साखर जास्त चढत होती. ज्या देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत तिथं हे कानाआड करता येत नाही. म्हणून ज्याला साखर आहे त्यानं भाताचा आणि भाकरीचाही वाटा कमी करून उसळ, पालेभाजी, दाणे वाढवावेत. तरीही ते ताट वनस्पतीजन्यच राहतं.

पण महत्त्वाचं काय, दोन महिने की वीस वर्षं? स्टॅनफर्डनं ६०९ माणसांना वर्षभर बघितलं, निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी पिष्ट. वर्षाअखेर दोन्हीकडे पाच-सहा किलो घट, फरक नगण्य. दोन्ही गटांना सारखी सांगितलेली गोष्ट होती ती ही की भाज्या भरपूर खा, साखर-मैदा आणि कारखान्यातलं तयार खाणं टाळा. २०१८ साली महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद घरोघर पेटला होता तो आठवा. दोनदाच खा की दर दोन तासांनी खा, यावर भावाभावांत अबोला झाला. मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकायची. किती वेळा खायचं यावर सगळे तुटून पडत होते, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की सगळ्यांच्या डब्यात तीच चपाती आणि तीच बटाट्याची भाजी. आजचा वाद त्याच जातीचा आहे. तेव्हा 'किती वेळा'नं 'काय' झाकलं, आता 'काय नाही'नं 'काय' झाकलंय.

जिमच्या वाटेनं गेलेल्यांना माझा प्रश्न एकच असतो. हे जेवण तुमच्या आईला रोज रांधता येईल का? घरातल्या सगळ्यांना एकाच चुलीवर पुरेल का? पाव किलो चिकन रोज, बदामाच्या पिठाची पोळी, हे पलूसच्या शेतकऱ्याला किती वर्षं झेपेल? न्यूझीलंडमधल्या गिझबर्न या छोट्या गावात ६५ जणांवर एक प्रयोग झाला. वनस्पतीजन्य, अख्खं, कमी तेलाचं खाणं, उष्मांक मोजायचे नाहीत, पोटभर जेवायचं. ज्यांना हे शिकवलं त्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी १२ किलो उतरलं आणि वर्षाच्या शेवटी साडेअकरा किलो उतरलेलंच होतं. अभ्यास लहान, मान्य. पण उतरलेलं वजन उतरलेलंच राहिलं ही यातली खरी बातमी. उपाशी न राहता जे जमतं तेच टिकतं.

चौथा मुद्दा जातीचा, आणि तो सभ्यपणे टाळला जातो म्हणूनच जास्त चिघळतो. आपल्याकडे शाकाहाराचा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली येतो. मटण खाणाऱ्याला घर भाड्यानं मिळत नाही, डबा उघडला की नाकं मुरडतात. त्या उपदेशात आरोग्य हे निमित्त असतं आणि सोवळं हा हेतू असतो. हा राग शंभर टक्के रास्त आहे, आणि ज्याला कुणाला खरोखर लोकांच्या तब्येतीची काळजी आहे त्यानं आधी हे सोवळं टाकलं पाहिजे. पण रागाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. वनस्पतीजन्य खाणं ही काही वरच्यांची मिरास नव्हती. सगळ्यात जास्त ते कष्टकऱ्यांच्याच घरात होतं. माझ्या माहेरी बकरं पडायचं जत्रेला, कोंबडी पाहुणा आला की, आणि बाकीचे तीनशे दिवस कोरड्यास-भाकरी. कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणदेशची मटकी, हुलगा, आणि इस्लामपूर-कराडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर, ही कुणाच्या सोवळ्यातली भांडी नव्हेत. आठवड्यातून एकदा मटण खाणारा आणि सहा दिवस उसळ-भाजी खाणारा माणूस रोज साबुदाणा-शेव-चपाती खाणाऱ्या माळकऱ्यापेक्षा जास्त वनस्पतीजन्य जगतो. हे मी आण्णांच्या सुनेच्या नात्यानं म्हणते, आणि त्यांच्या माळेबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

म्हणूनच शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा वाद मला दुखतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, शाकाहारी मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी बंद केला. मी वनस्पतीजन्य खाण्याची बाजू मांडते म्हणून मी ह्यावर खूश असेन असं काहींना वाटलं. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात ज्या मुलाची दंडाची हाडं दिसतात त्याला अंडं मिळालंच पाहिजे. त्याच वर्गात चौदाव्या वर्षी साठ किलोची मुलगीही आहे. दोघांची घरं एकाच गल्लीत, आणि दोघांच्याही दप्तरात पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा. एकाला पोषण पुरत नाही, दुसरीला उष्मांक संपत नाहीत, आणि दोघांच्याही ताटात कमी आहे ती उसळ. ज्या दिवशी शाळेत मटकीची उसळ चांगली होते त्या दिवशी मुलं दुसऱ्यांदा रांगेत लागतात. त्यांना ते आवडत नाही हे खोटं आहे.

मग मागायचं काय? रेशनवर गहू-तांदूळ २०२३ पासून फुकट आहे. कडधान्य त्या यादीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कुटुंबामागे महिन्याला किलोभर डाळ-हरभरा दिला गेला होता, म्हणजे देता येतो. पोटाला फुकट पिष्ट आणि विकत प्रथिनं अशी रचना केल्यावर गरिबाच्या ताटात काय वाढणार? पुड्यांवर साखर, मीठ, चरबी किती हे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात हवं. २०२२ साली पुड्याला आरोग्याच्या हिशोबानं तारे देण्याचा सरकारी मसुदा आला होता, पण तारा म्हणजे बक्षीस वाटतं. मला धोक्याची खूण हवी आहे, हिरव्या ठिपक्याइतकीच ठळक, त्याच्या शेजारी. आणि लग्नाच्या जेवणात पुरी-जिलेबी-बटाटा-मसालेभात-भजी यांच्या जोडीला एक मटकीची उसळ आणि एक पालेभाजी, एवढं तर आपल्यालाच ठरवता येतं, त्याला सरकार लागत नाही.

येत्या रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये पुन्हा बैठक आहे, व्याख्यानाच्या उरलेल्या प्रश्नांसाठी. मी आण्णांची वही घेऊन जाणार आहे. सोमवारपासून सोमवारपर्यंतची आठही पानं मोठ्यानं वाचणार आहे, आणि मग घरोघर तशीच एकेक वही आठ दिवस ठेवायला सांगणार आहे. माळ असो नसो.